पहिल्या पंधरवड्यातच 'आपला' गायक ठरवता का? अण्णांची वही आणि यंदाचा हंगाम

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

टीव्हीवर गाण्याची नवी स्पर्धा सुरू झाली की आमच्याकडे एक वही बाहेर निघते. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपरे झिजलेली. माझ्या वडिलांची, अण्णांची. आम्ही तेव्हा पंचवटीत राहायचो. अण्णा स्पर्धा ऐकायला बसायचे ते टीव्हीकडे पाठ करून. "चेहरा दिसला की कान आळशी होतो," म्हणायचे. चौथा भाग संपला की वहीत नाव लिहायचे, फार तर तीन नावं, पुढे कारण. घरात आलेल्या कुणीही मत दिलं तरी ते लिहून घ्यायचे आणि पुढे त्या माणसाचं वय घालायचे. एकदा लिहिलं की खोडायचं नाही, हा नियम.

२००८ मध्ये सुरू झालेल्या सारेगमप लिटल चॅम्प्सचं पान माझ्यासमोर उघडं आहे. आईच्या नावापुढे आर्या आंबेकर. माझ्या नावापुढे मुग्धा वैशंपायन. शेजारच्या काकूंच्या नावापुढे प्रथमेश लघाटे. अण्णांचं एकच नाव: रोहित राऊत, लातूर. "आवाजाला धार आहे. मोठा झाल्यावर बघा." २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली. आमच्या पानावर तिचं नावच नव्हतं.

अण्णा २०१६ साली गेले. २०२० च्या फेब्रुवारीत रोहित राऊत हिंदी इंडियन आयडलच्या अकराव्या हंगामात अंतिम फेरीत पोहोचला आणि दुसरा आला. त्या रात्री मी कपाटातून ही वही काढली आणि आईला ती ओळ वाचून दाखवली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जपून ठेव."

यंदाच्या हंगामाचे चार भाग झालेत. मुलं आठ ते चौदा वर्षांची आहेत, म्हणून नावं लिहीत नाही. बघणाऱ्यांना कळेलच. माझ्या मनात तिघं आहेत. निफाड तालुक्यातली ती शांत मुलगी, जिनं पहिल्याच फेरीत संथ भावगीत घेतलं. नांदेडचा कव्वाली गाणारा मुलगा. आणि कोकणातला नाट्यगीतवाला, ज्याचे वडील त्याच्या मागे पेटीवर होते.

पण यंदा पेन हातात घेतलं आणि अडखळले. माझी लेक तेरा वर्षांची. ती म्हणते, "आई, चार गाण्यांत माणूस कसा काय कळतो?" तिला उत्तर देता आलं नाही. तुम्ही इतक्या लवकर ठरवता का? आणि काय ऐकून ठरवता?

सातपूरचा लातूरकर

ताई, अंगावर काटा आला. मी लातूरचा, कंपनीत नोकरीला म्हणून १४ वर्षं सातपूरला आहे. २००९ ला आमच्या गल्लीत अंतिम फेरी बघायला एकाच घरात तीसेक माणसं होती. रोहित जिंकला नाही तेव्हा बायका रडल्या. अण्णांनी नाशकात बसून त्याच्या नावापुढे हे लिहिलं होतं, हे आज कळलं. हे पान मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

तानपुरा

मी गंगापूर रोडला गाण्याचा क्लास घेते, पंचवीस वर्षं झाली. दर हंगामात विद्यार्थ्यांचे आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे सविस्तर लिहिते.

लवकर ठरवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे. निवड चाचणीत मूल जे गाणं गातं ते त्याचं हुकमी गाणं असतं. वर्ष-दोन वर्षं घोटलेलं, गुरूंनी बसवलेलं, चार ठिकाणी बक्षीस मिळवून आलेलं. त्या गाण्यात तुम्हाला मूल कमी आणि त्याची तालीम जास्त ऐकू येते. तालीम कमी मोलाची नाही, पण शिदोरीत अशी पाच-सहाच गाणी असतात. ती संपली की दर आठवड्याला नवं गाणं, कधी दोन, कधी न झेपणाऱ्या बाजाचं. चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत. तिथून पुढे कळतं की मुलाला सूर किती समजलाय आणि नुसता पाठ किती झालाय.

तरीही ऐकायचंच असेल तर वरचे सूर ऐकू नका. सगळे टाळ्या वरच्या सुराला देतात. तुम्ही मुखड्याची पहिली ओळ ऐका, जिथे गाणं खाली असतं. मुलींना पुरुष गायकाचं गाणं दिलं की पट्टी, म्हणजे 'सा' कुठे धरायचा ते, बदलावी लागते. साधारण पुरुषाचा आवाज काळी एक-दोनला (पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी) बसतो, मुलींचा काळी चार-पाचच्या आसपास. पण वरचा सूर चमकावा म्हणून पट्टी नको तितकी चढवली, तर शेवटाला टाळ्या पडतात आणि खालचे शब्द मात्र नुसती हवा होऊन जातात. उलट पट्टी खाली ठेवली तर वर गळा मोकळा होत नाही. पट्टी कुणी निवडली, गुरूंनी, वाद्यवृंदवाल्यांनी की मुलानं स्वतः, तेही दोन-तीन भागांत लक्षात येतं. स्वतःची पट्टी ओळखणारं मूल मला फार मोठं वाटतं.

निफाडच्या मुलीबद्दल: तिनं कडव्याच्या शेवटी श्वास कुठे घेतला ते परत ऐका. शब्द तोडला नाही. दहाव्या वर्षी हे सोपं नाही.

ध्वनिक्षेपक

तानपुराताईंचा आदर ठेवून मी उलट बाजू मांडतो. माझा व्यवसाय साउंडचा. कालिदास आणि साईखेडकर नाट्यगृहं, गणपतीची मंडळं, नवरात्रात कालिकेच्या यात्रेचे दिवस, दिवाळीत पहाटेच्या मैफिली, वीस वर्षं हेच करतोय.

गायक ओळखायला सुरुवातीचे भागच सगळ्यात चांगले असतात. का ते सांगतो. निवड चाचणीत मागे साथ थोडी असते. पेटी-तबला, कधी नुसती गिटार. गळा उघडा असतो. मुख्य फेऱ्या सुरू झाल्या की मागे मोठा वाद्यवृंद, कोरस, ढोलकी, ऑक्टोपॅड. गायक जरा ढिला पडला तरी तालवाद्य त्याला उचलून धरतं. दुसरी गोष्ट, आपण घरी ऐकतो तो आवाज मंचावरचा जसाच्या तसा नसतो. ध्वनिमुद्रण झाल्यावर मिक्सिंग होतं, पातळ्या सारख्या केल्या जातात, रिव्हर्ब म्हणजे घुमारा चढतो. त्यात काही लबाडी नाही. कच्चा आवाज टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर ऐकवणार नाही. पण त्या सजावटीत बारीक खोटही झाकली जाते आणि बारीक गुणही.

मिक्सिंगनं काय बदलत नाही तेही सांगतो. शब्दोच्चार बदलत नाही. 'च' आणि 'ज' कसे पडतात, 'ळ' आहे की 'ल', हे लपत नाही. श्वासाची जागा बदलत नाही. आणि मुलगा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो, धावत येतो की चालत येतो, तेही मिक्सिंगनं बदलत नाही. मी तर डोळे मिटून फक्त समेकडे कान ठेवतो. अण्णांनी पाठ करून बसायची जी रीत ठेवली होती ती अगदी बरोबर होती.

नांदेडच्या मुलाची सम पक्की आहे. माझं मत त्याला.

नाशिकरोडची

मी गाणं शिकलेली नाही, पट्टी मला कळत नाही. पण पहिल्याच भागात मला कुणीतरी आवडतं आणि मग तीन महिने त्या मुलासाठी जीव खालीवर होतो. ते तीन महिने माझ्या घरात सणासारखे असतात. सासूबाई, मी, जाऊ, एरवी आमचा विषय भाजी आणि गॅस. स्पर्धा सुरू झाली की आम्ही तिघी गाण्यावर भांडतो. सोडून देऊ का हे, पट्टी कळत नाही म्हणून?

आणि निफाडची मुलगी आमची आहे. जिल्ह्याची आहे म्हणून माझं मत तिला, यात मला काही चुकीचं वाटत नाही.

तानपुरा

@नाशिकरोडची, सोडू नका हो! घरात बायका गाण्यावर भांडतात यापेक्षा चांगलं काय असणार. माझं म्हणणं फक्त निकाल लवकर लावू नये एवढंच आहे. जीव खुशाल लावा.

जिल्ह्याच्या मतांबद्दल मात्र मला काळजी वाटते. २००७ चा इंडियन आयडलचा तिसरा हंगाम आठवा. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांत नोकरीला, आणि शिलाँगचा अमित पॉल. दोघांच्या मागे डोंगरातली गावंच्या गावं उभी राहिली, एसएमएसचा पूर आला. प्रशांत जिंकला. त्या भागातल्या लोकांना आपला माणूस देशानं पाहिला याचा जो आनंद झाला तो खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण चर्चा मतांचीच झाली आणि गाण्याबद्दल कुणी बोलेना. दोन्ही मुलं गाणारी होती, त्यांच्यावर तो अन्यायच झाला.

सातपूरचा लातूरकर

मतांवरून अरिजित सिंग आठवला. २००५ चं फेम गुरुकुल. तो मतांत मागे पडून अंतिम फेरीच्या आधीच बाहेर गेला. जिंकले काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी. पुढे अरिजितचं काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. नेहा कक्करही इंडियन आयडलच्या दुसऱ्या हंगामात स्पर्धक होती, लवकर बाहेर पडली, आणि पुढे त्याच कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीत बसली.

म्हणजे मतं, परीक्षक, आपण, तिघंही चुकू शकतो. मग वहीत लिहायला काय हरकत आहे? निदान आपण काय ऐकलं होतं ते कागदावर राहतं.

त्र्यंबकचा दिंडीकर

कार्तिकीचं नाव पानावर नव्हतं असं ताईंनी लिहिलं, त्यावर थोडं लिहावंसं वाटतं.

आमच्याकडे पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. थंडी अशी की पहाटे बोटं टाळ धरत नाहीत. दिंड्या नाशिकवरून येतात, शेवटचा चढ पायी. त्या थंडीत, माइक नसताना, टाळ-पखवाजाच्या वर आवाज काढून चाल म्हणायची असते. हा गळा वेगळाच असतो. खुला, छातीतून येणारा, काठाला जरा खरखरीत. कार्तिकी आळंदीची, वडील कल्याणजी गायकवाड यांच्याकडे शिकलेली, वारकरी वळणाचं गाणं. घरात बसून भावगीत ऐकणाऱ्या कानाला असा आवाज पहिल्या ऐकण्यात आडदांड वाटतो. माझी आई मात्र तिचा पहिला भाग बघून म्हणाली होती, "ही आपली पोर." आईनं कधी रियाज हा शब्दसुद्धा ऐकलेला नव्हता. तिच्या कानाला तो गळा ओळखीचा होता, बस.

म्हणून मला वाटतं, पहिल्या पंधरवड्यात आपण ज्याला निवडतो त्यात मुलाचं गाणं असतं तितकंच आपल्या कानावर लहानपणापासून काय पडलं तेही असतं. तुमच्या पंचवटीत थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनामाचा आश्रम काढला होता. तिथल्या गल्ल्यांत वाढलेला कान वेगळं निवडणार, आमच्या दिंडीतला वेगळं. मी यंदा कोणालाच ठरवलं नाही. सहावा भाग होऊ द्या.

ध्वनिक्षेपक

दिंडीकर, फार मोलाचं लिहिलंत. एक भर घालतो. असा खुला गळा माइकवर पकडणं अवघड असतं. जवळ धरला तर फाटतो, लांब धरला तर कोरसचे माइक त्याला गिळतात. वारकरी गायकाला माइक नेमका किती लांब धरायचा हे शिकवायलाच आम्हाला अर्धी तालीम जाते. पहिल्या दोन-तीन भागांत अशी मुलं नेहमी कमी गुण घेतात, त्याचं एक कारण हेही असू शकतं.

एक आई

वाचत होते, लिहू की नको असं झालं होतं. नाव देत नाही.

माझा मुलगा बारा वर्षांचा असताना अशाच एका स्पर्धेत निवडला गेला होता. पहिल्या दोन भागांत खूप कौतुक झालं. कॉलनीच्या तोंडाशी त्याच्या फोटोचा फलक लागला. दुकानात गेलं की पैसे घेत नव्हते. अनोळखी लोक फोन करून "हाच जिंकणार" म्हणायचे. तो झोपेत गाण्याच्या ओळी म्हणायचा.

पाचव्या आठवड्यात त्याचा आवाज फुटायला लागला. मुलांचा फुटतोच त्या वयात, पण नेमका तेव्हा. वरचा सूर लागेना. तालमीत मध्येच आवाज चिरायचा आणि तो आमच्याकडे बघायचा. त्याला वाटायचं आपण काहीतरी चूक केली. पट्टी खाली घेतली तर गाणं ओळखू येईना. तो बाहेर पडला. फलक पावसात फाटेपर्यंत कुणी काढला नाही. मी एका रात्री नवऱ्याला सांगून उतरवून आणला.

लोक वाईट नव्हते. सगळ्यांनी प्रेमच केलं होतं. पण ते प्रेम इतक्या लवकर आणि इतकं मोठं आलं की ते परत गेलं तेव्हा त्याला कळलंच नाही की काय झालं. दोन वर्षं तो गायला नाही. पेटीवर कापड टाकून ठेवली होती, मी ते रोज झटकायची आणि परत टाकायची.

आता सतरा वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीला नेहरू चौकात पिंपळपारावर पाडवा पहाटला आम्ही गेलो होतो. परत येताना गोदावरीच्या पुलावर तो हळूच काहीतरी म्हणत होता. आवाज इतका खाली गेलाय की मला आधी कळलंच नाही की तोच गातोय.

तुम्ही आवडते निवडा. मी पण निवडते, खरंच. पण "हाच जिंकणार" असं मुलांच्या समोर म्हणू नका एवढंच सांगायचं होतं.

नाशिकरोडची

ताई, तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं. आम्ही दोघी रडलो. निफाडच्या मुलीच्या घरी माझ्या जावेच्या ओळखीनं फोन करणार होते अभिनंदनाचा. आता थांबते.

तानपुरा

एक आई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आवाज फुटण्याबद्दल क्लासमध्ये मी पालकांना आधीच सांगते, पण टीव्हीवर कुणी सांगत नाही. मुलांच्या स्वरतंतूंची लांबी-जाडी त्या वर्षांत झपाट्यानं वाढते. गळा बिघडलेला नसतो, नव्यानं बांधला जात असतो. त्या काळात गाणं बंद करायचं नसतं. पट्टी खाली आणायची, ताण द्यायचा नाही, खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, हळूहळू सा लावायचा. वर्ष-दीड वर्ष लागतं, कुणाला जास्त. सतराव्या वर्षी आवाज खाली स्थिरावला असेल तर आता त्याची नवी पट्टी शोधायची वेळ आहे. त्याला वाटलं तर माझ्याकडे नुसतं बसायला पाठवा. गायलाच पाहिजे असं नाही.

अण्णांच्या वहीतली ओळ मला आता वेगळी ऐकू येते. "मोठा झाल्यावर बघा." मी पंचवीस वर्षं शिकवतेय, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाबद्दल यापेक्षा नेमकं मला लिहिता आलं नसतं.

सातपूरचा लातूरकर

तानपुराताईंना अनुमोदन.

गोदाकाठची

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री लेकीबरोबर बसून वाचले. आईलाही वाचून दाखवले. आईनं एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. २००९ ला निकाल लागल्यावर अण्णांनी कार्तिकीची सगळी गाणी परत ऐकली होती, प्रक्षेपणाची पुनरावृत्ती लागायची तेव्हा, दुपारी, एकटे. आईला म्हणाले, "हा गळा मी ऐकलाच नव्हता. चूक माझी." पण नियम होता म्हणून पानावर खाडाखोड केली नाही. दिंडीकर, तुमचं लिहिलेलं अण्णांपर्यंत पोहोचायला हवं होतं.

ध्वनिक्षेपक आणि तानपुराताई, तुमच्या दोघांचं वाचून आम्ही पद्धत थोडी बदलली. चार भागांनंतर लिहायचंच, कारण उघडा गळा तेव्हाच ऐकू येतो. पण 'कोण जिंकेल' असं लिहायचं नाही. 'काय ऐकलं' ते लिहायचं. आणि दहाव्या भागानंतर खाली दुसरी ओळ, जुनी न खोडता.

काल आम्ही तिघी टीव्हीकडे पाठ करून बसलो. लेकीला दोन मिनिटं अवघड गेलं, मग ती एकदम म्हणाली, "कोकणातला मुलगा गाताना हसतोय, ऐकू येतंय." मला ऐकू आलं नव्हतं. वळून बघितलं तर खरंच हसत होता.

पान असं झालंय. आई, वय ७४: निफाडची, शब्द पुसट होत नाहीत. मी, वय ४५: नांदेडचा, समेवर चालत येतो (हे ध्वनिक्षेपकांचं उसनं). लेक, वय १३: कोकणातला, गाताना हसतो.

त्र्यंबकचा दिंडीकर

मुलीचे कान देव राखो. सहाव्या भागानंतर माझंही लिहा, वय ५८.

एक आई

मुलाला हा धागा दाखवला. आधी माझं लिहिलेलं वाचून गप्प होता, मला भीती वाटली. मग त्यानं नांदेडच्या मुलाचं गाणं परत लावलं, तीन वेळा. म्हणाला, "खालचा सा अजून बसला नाही त्याचा. पण बसेल." आणि विचारतोय, हे वहीत लिहिता येईल का.

गोदाकाठची

लिहिलं, आत्ताच. कोकणातल्याच्या खाली जागा होती. पुढे वय घालू ना?

एक आई

घाला. १७.